तो म्हणाला तसंच

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. तेलगावच्या एसटीत पेपर तपासत बसलो होतो. डायरेक्ट वाक्याचं इनडायरेक्ट करताना सगळ्या पोरांनी माती खाल्ली होती.

शेजारच्या म्हाताऱ्यानं वाजणारा मोबाइल धोतराला पुसून माझ्या हातात दिला.

"पोरगं ऊसतोडीला गेलंय. फोनवरचं मला ऐकू येत न्हाई, तुमी ऐका."

मी ऐकलं आणि मोठ्यानं सांगितलं, "तुम्ही जेवलात का, असं विचारतोय."

"तसं न्हाई, गुरुजी. त्यो म्हन्ला तसंच म्हना."

परक्या माणसाला अरेतुरे करताना जीभ अडखळली, तरी म्हणालो, "आबा, जेवलास का?"

त्यानं माझं मनगट धरलं. "जेवलो रं. तू कवा येनार?"

फोन केव्हाच कट झाला होता. म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत राहिला.