भाईंना कळवायचं होतं

भाई गेल्याचं आमच्या सेक्रेटरीने, निनादने, क्लबच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा मी दवाखान्यात एका पेशंटच्या दाढेशी झटत होते. हात मोकळे होऊन फोन बघेपर्यंत सगळा ग्रुप जोडलेल्या हातांनी भरून गेला होता. लोट्याचे, खेडचे, चिपळूणचे, अगदी कोल्हापूरहून एकदाच आलेले ते दोघे भाऊसुद्धा... लिहायचं कुणी म्हणून राहिलं नव्हतं. एकाने तर 'आपला बाप गेला' असं लिहिलं होतं. मी हातमोजे काढून पेशंटच्याच खुर्चीत बसले, आणि मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. म्हणजे हे सगळे ग्रुप वाचतात तर, असा तो विचार होता. कारण गेल्या हिवाळ्यात भाईंविषयीचा एक मेसेज याच ग्रुपवर दोन दिवस पडून होता, आणि तेव्हा यातल्या एकानेही अक्षर लिहिलं नव्हतं. मीही नाही. भाईंना जाऊन आता महिना उलटला. त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं लिहायला क्लबने मला सांगितलंय आणि चांगलं सांगण्यासारखं पुष्कळ आहेही. पण ते लिहायला बसलं की हा मेसेज मध्ये येतो.

भाई सुर्वे म्हणजे आमच्याकडचं चालतंबोलतं ड्रायव्हिंग स्कूल. निम्म्या रत्नागिरीला त्यांनी गाडी शिकवली असेल. मी इथे दवाखाना टाकला तेव्हा त्यांच्याकडेच शिकले, आणि लायसन्स हातात पडल्यावर ते म्हणाले, आता सड्यावर ये, तिथे जोरात चालव. गावाबाहेरचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. भातकापणी उरकली, गवत वाळलं की तिथे भाईंच्या क्लबच्या शर्यती होतात. शर्यती म्हणजे काय, तर चुन्याच्या फक्कीने आखलेला वळणावळणाचा रस्ता, कडेला रबरी शंकू, एकावेळी एकच गाडी आणि हातात घड्याळ घेतलेला एक माणूस. सगळा हौशी मामला. कुणी आंबेवाला, कुणी शाळामास्तर, कुणी कंपनीतली शिफ्ट संपवून तसाच आलेला. जिंकणाऱ्याला एक कप मिळायचा, आणि तो पुढच्या वर्षी परत आणून द्यायचा.

या क्लबात नियम बदलायची एक पद्धत भाईंनी घालून दिली होती. शेवटची गाडी धावून झाली की सगळ्यांनी तिथेच दगडावर गोल करून बसायचं, ज्याला नियम बदलायचा असेल त्याने तो मांडायचा, आणि मग सर्वांत नव्या सभासदाने आधी बोलायचं. त्यानंतर त्याच्या आधी क्लबात आलेल्याने, असं करत करत भाई सगळ्यांत शेवटी. मोठी माणसं आधी बोलली की बाकीचे नुसत्या माना डोलावतात, असं त्यांचं म्हणणं. मी क्लबात आले त्या वर्षी वाद होता तो रिव्हर्सचा. शर्यतीचा शेवटचा तुकडा गाडी उलटी घेत फक्कीच्या चौकोनात नेऊन लावायचा, हा नियम भाईंचा लाडका. गाडी पुढे काय, कुणीही नेतो, असं ते म्हणायचे. तो नियम काढावा असं काहीजणांना वाटत होतं, पण बोलायचं कुणी? पद्धतीप्रमाणे पाळी आली माझ्यावर. मी चाचरत म्हटलं की भाई, रागावू नका, पण शेवटाला आलं की शर्यत वाटत नाही, लायसन्सची परीक्षा वाटते. सगळे हसले. मी तोंड फोडल्यावर बाकीचेही मोकळेपणाने बोलले, हात वर झाले, आणि रिव्हर्स गेला. भाई शेवटी बोलले, रिव्हर्सच्या बाजूने तावातावाने बोलले, एकट्याने विरोधात हात वर केला. मग उठले आणि त्या चौकोनाची फक्की स्वतःच्या चपलेने पुसून आले. परत येताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "डॉक्टर, बोललीस ता बरा केलंस. चूक बोललीस, पण बरा केलंस." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या गावात आपलं काहीतरी आहे.

पुढे क्लब वाढला. लोट्याच्या कंपन्यांतली पोरं आली, त्यांच्या शिफ्टा सांभाळून सगळ्यांनी एकत्र बसणं जमेना. निनाद सेक्रेटरी झाला. तोही तिथलाच इंजिनीयर, कामाला वाघ, मनाने चांगला. त्याने नियमांची चर्चा फोनवर आणली. बदल ग्रुपवर टाकायचा, दोन दिवस थांबायचं, कुणाची हरकत आली नाही तर मंजूर समजायचं. सोयीचं होतं, यात शंकाच नाही. अडचण एकच होती. भाईंकडे साधा बटणांचा फोन. गाडीत बसणाऱ्या माणसाने हातात असलं काही ठेवू नये, यावर ते ठाम. तेव्हा ठरलं की भाईंना कळवायचं मी, माझं घर त्यांच्या घरापासून जवळ म्हणून. संध्याकाळी जायचं, मेसेज वाचून दाखवायचा, ते काय म्हणतात ते ग्रुपवर लिहायचं. काही वर्षं मी ते नेमाने केलं. ते बहुतेक वेळा विरोध करायचे आणि बहुतेक वेळा हरायचे. हरले हे सांगायला पुन्हा मीच जायची, तर वहिनींना चहा टाकायला सांगून विचारायचे की त्यांना सोडून आणखी कोण विरोधात होतं. कुणी नाही म्हटलं की त्यांना विशेष मजा वाटायची.

आणि मग भाईंची गाडी भरकटली. सरावाच्या दिवशी एका वळणावर ते शंकूंच्या बाहेर गेले आणि जिथे आमची माणसं उभी राहतात तिथून हातभरावर थांबले. कुणाला काही झालं नाही. भाई हसत उतरले, पण किती थोडक्यात निभावलं ते त्यांच्या लक्षात आलंय असं मला तरी वाटलं नाही. आठवड्याभरात निनादचा मेसेज आला. सत्तरीच्या पुढच्या सभासदांनी यापुढे घड्याळावर, म्हणजे शर्यतीत, गाडी चालवू नये. मेसेजमध्ये नाव नव्हतं, पण क्लबात सत्तरीच्या पुढचा माणूस एकच होता. निनादने मला फोनही केला. म्हणाला, भाईंना तू सांगशील ना? मी म्हटलं, बघते.

मी गेले नाही. पहिल्या संध्याकाळी दवाखान्यात गर्दी होती. दुसऱ्या संध्याकाळी नव्हती. स्वतःची समजूत मी अशी घातली की त्यांना वाईट वाटेल, कशाला त्या वयात... खरं कारण वेगळं होतं. तो नियम मला हवा होता. तो बरोबरच होता, आजही मला तो बरोबरच वाटतो. भाईंचं म्हणणं ग्रुपवर गेलं की सगळे विरघळतील आणि नियम पडेल, याची मला भीती वाटली. त्यांना ऐकवायला नको म्हणून नव्हे, त्यांचं कुणी ऐकू नये म्हणून मी गेले नाही. ज्या माणसाने मला सगळ्यांच्या आधी बोलायला लावलं, त्याला मी शेवटीही बोलू दिलं नाही. दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. नियम मंजूर झाला.

शर्यतीच्या सकाळी भाई हेल्मेट काखेत घेऊन आले. निनाद नावं लिहून घेत होता. आजूबाजूच्या सगळ्यांना एकाएकी कामं सुचली. मीदेखील खाली बसून माझ्या टायरची हवा बघायला लागले, जी सकाळीच बघून झाली होती. निनादचा आवाज ऐकू आला. तो गोंधळून विचारत होता की भाई, डॉक्टरने सांगितलं नाही का तुम्हाला? मी मान वर केली. भाई माझ्याकडे बघत होते. मग निनादकडे वळून शांतपणे म्हणाले, "सांगितलंन हो तिने. मीच विसरलो. वय झालं आता."

आदल्या दिवशी कुठल्या विद्यार्थ्याने कुठे क्लच सोडला हे सांगू शकणारा माणूस तो. मला वाचवायला त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःला म्हातारं ठरवून घेतलं. मी उठून 'नाही, मी सांगितलं नव्हतं' म्हणायला हवं होतं. मी टायरशीच बसून राहिले. भाईंनी हेल्मेट गाडीत ठेवलं आणि दिवसभर उन्हात पडलेले शंकू उभे करत फिरले. माझ्या गाडीने पाडलेलेही.

त्यानंतर ते एकदाच भेटले, दवाखान्यात, कवळी टोचते म्हणून आले तेव्हा. तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाशी डेंटिस्ट काहीही बोलू शकतो, समोरून उत्तर येत नाही. मी आंब्याच्या मोहराबद्दल बोलले, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलले. कवळी घासून परत बसवली, त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि माझं बोलणं चालू असतानाच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी विरोध केला असता गो. हरलो असतो. हरायला येतं मला." मग त्यांनी पैसे किती असं विचारलं आणि मी नको म्हटलं, तर ते जबरदस्तीने टेबलावर ठेवून गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडून कधी पैसे घेतले नव्हते.

आता क्लबच्या कपाला भाईंचं नाव द्यावं असा मेसेज आलाय. दोन दिवसांत हरकत न आल्यास मंजूर. मी निनादला फोन करून सांगितलं की हे फोनवर नको, हिवाळ्यात सड्यावर बसून ठरवू या, नवा असेल त्याला आधी बोलू दे. तो लगेच हो म्हणाला. पण त्याने भाईंना काय फरक पडणार आहे?

गेल्या रविवारी वहिनींना भेटायला गेले. शिकवायची गाडी दारातच उभी आहे. तिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून चालू करतो, असं वहिनी म्हणाल्या. मी सहज दार उघडलं आणि डावीकडच्या सीटवर बसले, भाईंच्या जागेवर. तिथे बसायची माझी पहिलीच वेळ. पायाशी दुसरा ब्रेक असतो, शिकवणाऱ्याचा. माझा पाय आपोआप त्याच्यावर गेला. मी शिकत होते तेव्हा हा ब्रेक भाईंनी कितीतरी वेळा दाबला असेल, एकदा तर म्हैस आडवी आली होती तेव्हा. पण गाडी अंगाखालून अचानक थांबली असं मला एकदाही आठवत नाही. दाबायच्या आधी ते सांगायचे. म्हशीच्या वेळीसुद्धा सांगितलं होतं. गाडी तू चालवतेयस ना, मग थांबतेय हे तुला आधी कळायला हवं, असं ते म्हणायचे.