वैद्य कुमुदताई आणि इसबाचं पांढरं मलम

वैद्य कुमुदताईंच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की माझ्याकडेच का? मी त्वचारोगाची डॉक्टर, त्या वैद्य. अकोल्यात आम्हा दोघींचं काही काळ जमत नव्हतं, हे गावाला ठाऊक आहे. शेवटी ताईंनीच माझं नाव सुचवल्याचं कळलं, आणि माझा संशय आणखी वाढला. ताई विनाकारण काही करत नाहीत.

आमची पहिली ओळख भांडणातून झाली. दहा-बारा वर्षांपूर्वी मूर्तिजापूरकडची सुषमा नावाची एक तरुण आई आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन माझ्याकडे आली. घरी भाजीपाल्याची शेती, मुलगी पहिलीच. बाळाच्या गालांवर आणि कोपरांच्या घडीत इसब होतं. ते मला नवीन नव्हतं. पण गालांची कातडी इतकी पातळ झाली होती की आतल्या शिरा दिसत होत्या. सुषमाने पिशवीतून कुमुदताईंच्या नावाची एक पांढरी डबी काढली. "वैद्यीनबाईंचं मलम हाये. दोन दिवसांत गाल लोण्यावानी झाले होते, म्हनून तीन महिने रोज लावलं. संपलं तं दुप्पट उठलं." मग खाली बघत म्हणाली, "सासूबाई म्हन्तात, माह्या दुधातच खोट हाये. अंगावरचं तोडायले सांगून राहिल्या."

दोन दिवसांत इसब बरं करणारं आयुर्वेदिक मलम मी जन्मात पाहिलेलं नाही. स्टिरॉइडने मात्र इसब असं झटकन दबतं, कातडी पातळ होते आणि मलम थांबलं की ते दुप्पट उठतं. माझी खात्रीच पटली की ही बाई मलमात स्टिरॉइड कालवते आणि वर झाडपाल्याचं नाव देते. मी बाळावर उपचार सुरू केले, डबी पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी सरळ ताईंच्या दवाखान्यात जाऊन रांगेत बसले. चोर पकडायला निघालेल्या माणसाचा उत्साह माझ्या अंगात होता, हे कबूल करते.

तिथे जे पाहिलं त्याने मात्र मी गोंधळले. लेकराच्या अंगाला जे जे लागतं ते सगळं पिशवीत भरून आणायचं, असा ताईंचा नियम होता, आजही आहे. आया सतरंजीवर पिशव्या रिकाम्या करत होत्या. साबण, पावडर, मोहरीचं तेल, हळद घातलेलं डाळीचं पीठ, कडुनिंबाचा पाला, कपड्यांचा सोडासुद्धा. ताई एकेक वस्तू उचलून उलटतपासणी घेत होत्या. "हे कोनं सांगलं? नैसर्गिक हाये म्हन्ता? अवं माय, खाजकुयलीबी नैसर्गिकच हाये. लावता का लेकराले?" फोडातून पाणी येत असलेल्या एका बाळाला तर त्यांनी हातही लावला नाही. "हे माह्याकडचं काम नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," असं म्हणून ऑटोत बसवून दिलं.

माझी पाळी आली. "लेकरू कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

"लेकरू नाही, डबी आणलीय," मी म्हणाले, मी कोण ते सांगितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "यात काय घालता?"

"शतधौत घृत. शंभर पान्यांनी धुतलेलं तूप. काहून? पोलिसात होत्या का तुमी आधी?"

हे तूप तांब्याच्या परातीत पाणी घालून फेटतात, पाणी फेकतात, पुन्हा नवं घालतात; असं शंभरदा. तीस वर्षं ताईंनी ते स्वतः केलं. पण बोटांचे सांधे सुजायला लागले, तेव्हा वर्षभरापासून त्या ते एका पुरवठादाराकडून तयार घेत होत्या आणि आपल्या नावाच्या डबीत भरत होत्या. हे त्यांनीच मला सांगितलं, काही न लपवता. मी म्हटलं, "तपासून घेतलं होतं का?" त्यांनी डबी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाल्या, "चहा घ्या आन् निंगा." चहा मी घेतला नाही. बाई पुरावा नाहीसा करणार, असंच मनात धरून परतले.

पंधरा-वीस दिवसांनी ताई स्वतः माझ्या दवाखान्यात आल्या. हातात नागपूरच्या प्रयोगशाळेचा अहवाल होता. मलमात स्टिरॉइड निघालं होतं. "तुमी खरं बोलल्या," त्या म्हणाल्या. "बाप्पा, चूक कुठं झाली सांगू? एका एका पिशवीवर संशय घेनारी मी. पन लेकरं दोन दिवसांत बरी व्हायले लागली, तं मले वाटलं, साठीनंतर माह्या हाताले गुन आला. तारीफ ऐकाले गोड लागे. तपासाचं सुचलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर पाटी लागली. वर्षभरात दिलेल्या पांढऱ्या मलमात स्टिरॉइड निघाले आहे, चूक माझी आहे, मलम मनाने चालू ठेवू नका किंवा एकदम बंद करू नका, लेकराला डॉक्टरांना दाखवा. घरात रणकंदन झालं. त्यांचे वकील भाचे म्हणाले, "मावशी, पुरवठादाराचं नाव लिहा. आपलं काहून लिहिता?" ताई म्हणाल्या, "डबीवर नाव कोनाचं हाये?" पुरवठादाराविरुद्ध त्यांनी रीतसर तक्रार केली, पण पाटी बदलली नाही.

सुषमाच्या दुधाला सासू नावं ठेवते हे माझ्याकडून कळल्यावर त्या मूर्तिजापूरला गेल्या. तिथे काय झालं ते मला सुषमाने सांगितलं. ओसरीवर सासू, जावा, शेजारणी जमलेल्या असताना ताईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "या पोरीच्या दुधात काही खोट नाही. खोट माह्या मलमात होती. पाजू द्या तिले." सुषमा मला सांगतानाही रडत होती. ती मुलगी आता शाळेत जाते. थंडीत अजून थोडं खाजवते.

ताईंचा दवाखाना बरेच महिने ओस पडला. ज्या आया आल्या त्यांना ताई तेच सांगत राहिल्या: कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, ओल्या अंगाला साधं बिनवासाचं स्निग्ध काहीतरी, सुती कपडे, आणि कोणताही नवा लेप आधी हाताच्या एवढ्याशा जागेवर तीन दिवस लावून पाहायचा. जास्त असेल तर डॉक्टरीनबाईंकडे. त्या माझ्याकडे पोरं पाठवत आणि माझी चिठ्ठी परत मागवून वाचत. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मला राग यायचा.

राग यायचं कारण आज लिहिते. एकदा ताई पातूरच्या एका आईला आणि तिच्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाच्या गुडघ्यामागची कातडी पातळ झाली होती, पट्टे उठले होते. ताईंनी टेबलावर एक ट्यूब आणि चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी माझी होती. स्टिरॉइडचं मलम मीच दिलं होतं आणि किती दिवस लावायचं ते लिहिलंच नव्हतं. आईने वर्षभर लावलं. तोंडी सांगितलं होतं का? नाही. बाहेर गर्दी होती. मी त्या आईकडे पाहून म्हणाले, "इतके दिवस लावतात का कुठे?" ती बिचारी "चुकलं बाई" म्हणाली. ती बाहेर गेल्यावर ताई एवढंच बोलल्या, "मायवर नका ढकलू." मी मुलाला बरं केलं. त्या आईला मात्र खरं काय ते कधीच सांगितलं नाही.

ताईंनी माझंच नाव का सुचवलं, हे मला लिहिता लिहिता कळलं. तर ताई, तुमच्या गौरवग्रंथात सगळ्यांदेखत लिहिते: पातूरच्या त्या आईची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या सांध्यांना आराम पडो आणि आम्हा डॉक्टरांवरचा त्यांचा संशय शंभरीतही असाच ताजा राहो. हा लेख संपादकांकडे देण्याआधी मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. म्हटलं, ग्रंथ निघाला की पातूरला जाऊन त्या आईला भेटते.

"छापून यायची वाट काहून पाहता?" ताई म्हणाल्या. "उद्याच जाऊ. मीबी येतो. तुमी एकट्या जाल यावर मले भरोसा नाही."