केशरी पट्टा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. लिहितानाही कान दाराकडे आहेत. जाऊबाई केव्हाही आत येतील.

मी चौथी शिकलेली. चारचौघांत मला बोलता येत नाही. पुरानी बस्तीत आमच्या घरासमोर मनोजभैया निक्सी नळ्यांची घड्याळं बनवतात. काचेच्या नळीत तारेचे आकडे असतात, वीज दिली की केशरी उजळतात. या नळ्या आता मिळता मिळत नाहीत. जाऊबाई तिथे कामाला होत्या, त्यांनीच मला नेलं, वीज मोजायचं मीटर हातात धरायला शिकवलं. नळीत करंट जास्त गेला तर नळी जाते, त्याला आवर घालतो तो रेझिस्टर. तो किती आवरतो ते त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं; केशरीच्या जागी लाल असला तर करंट जास्त जातो. आधी एक रेझिस्टर तात्पुरता लावून मी करंट मोजायची. बरोबर आला की तशाच रंगीत पट्ट्यांचे निवडून जाऊबाई पक्के करायच्या.

त्या दिवशी सदर बाजारातल्या एका सराफाचं घड्याळ होतं. व्होल्टेज पाहायचं होतं — आणि मीटरची लाल वायर मी करंटच्याच भोकात राहू दिली. टोक लावताच चट् झालं. मीटरवर शून्य. मला वाटलं व्होल्टेजच कमी, म्हणून ते वाढवायचा स्क्रू फिरवत गेले. मग वायर दिसली. मीटरचा फ्यूज उडाला होता, करंट मोजता येणार नव्हता, आणि फिरवलेला स्क्रू मी तसाच राहू दिला... सांगायला काय झालं होतं? भैयांनी हसून दुसरा लावला असता. पण मी वायर गुपचूप काढून ठेवली.

"करंट कितना आया, दीदी?"

"दोन," मी म्हटलं. दोनच यायला हवा असतो, म्हणून दोन.

काही महिन्यांनी घड्याळ परत आलं. सगळ्या नळ्या काळवंडलेल्या. भैया जाऊबाईंना म्हणाले, "केशरी की जगह लाल पट्टी लगा दी क्या? चश्मा बनवा लो, दीदी, नहीं तो किसी दिन चाय में नमक डालोगी." आणि तपासायला बोर्ड माझ्याकडे दिला.

मी पट्टे वाचले. एकेक वाचला. सगळे केशरी, सगळे बरोबर.

"लाल आहेत," मी म्हटलं. आणि कुणी पाहायच्या आत ते रेझिस्टर उपटून टाकले.

जाऊबाई काही भांडल्या नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाल्या, "मले त केशरीच दिसले होते वं. डोयेच गेले माह्ये." दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला आल्या नाहीत. सुईत दोराही आता स्वतः ओवत नाहीत.

मी अजून जाते. त्यांच्याच खुर्चीवर बसते.

संध्याकाळी त्या तांदूळ निवडतात आणि ताट माझ्यापुढे सरकवतात. "पाह्य बरं, खडे राह्यले काय? तुह्ये डोये चांगले हाये."

ताटात एकही खडा नसतो. कधीच नसतो. मी तरी थोडा वेळ बोटं फिरवत राहते.