मोटार तापेपर्यंत

आज सकाळी खाली आवारात कुणाची तरी जुनी गाडी चोक ओढून सुरू झाली, कच्च्या पेट्रोलचा वास खिडकीतून आत आला आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचा पौष आठवला. रत्नागिरीजवळ पालीला आमचं घर. मी नर्सिंग शिकायला मुंबईला निघाले होते आणि हातखंब्याला सातची एस.टी. गाठायची होती.

गार वारा इंजिनाला लागू नये म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आमच्या जुन्या मोटारीच्या जाळीपुढे गोणपाट बांधलं होतं. इंजिन केव्हाचं घुरघुरत होतं. मी ट्रंकेवर बसून सारखी घड्याळ बघत होते.

"अण्णा, चला ना आता!"

"थांब गो जरा. तापलं नाही अजून. वाटेत बंद पडेल."

मी बॉनेटवर हात ठेवला, तर चटका बसला. "हे काय, तापलंय की!"

"वरून तापलंय," अण्णा म्हणाले आणि गोणपाटाची गाठ सोडून पुन्हा बांधत बसले.

एस.टी. चुकली. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. मला एवढ्या लांब धाडायला त्यांचा जीव होत नव्हता, हे तेव्हा कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मोटार सुरू केली आणि ते मला घेऊन लगेच निघाले. गार इंजिन हातखंब्यापर्यंत आचके देत राहिलं, पण ते कुठेही थांबले नाहीत.