नवरात्रात डबीत राहिलेली गोळी

मुलांनो, गेल्या नवरात्रात तीन-चार दिवस मी तुमचे फोन उचलले नाहीत. वायफाय बंद आहे, असं तुमच्या बाबाला कळवलं होतं. ते खरं नव्हतं.

तिसऱ्या माळेपासून हात थरथरू लागला. छाती धडधडायची. लांब हायवेवर हॉर्न वाजला तरी मी दचकायची. पेपरातली एक बातमी वाचून होईना. उठायचं, गॅस बघायचा, बसायचं, पुन्हा उठायचं. वाटलं, आपलं डोकं चाललं. आणि बाबाला कळलं की तो लोणावळ्याचं हे घर बंद करून मला तिकडे परदेशात, तुमच्याकडे नेणार.

जवळच्या भाजे गावाहून कामाला येणाऱ्या बाईने पाचव्या माळेला विचारलंच, "आजी, डबे तिसऱ्यांदा पुसताय. मी काय करू हितं?"

"हात स्वस्थ बसत नाहीत गं."

"मंग भाज्याला या. माझ्याकडं बी लय डबे हायेत." असं म्हणत तिने माझं मनगट धरलं, आणि तिचं हसू गेलं. "चला दवाखान्यात."

डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. त्याने माझी वारांच्या कप्प्यांची डबी उघडली. रक्तदाबाची पांढरी गोळी रोजच्या कप्प्यात तशीच.

"ही का राहिली?"

"तूच लिहिलंयस, जेवणानंतर. नवरात्रात मी जेवते कुठे? फराळ करते."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, प्रश्न नीट वाचा म्हणून आम्हाला ओरडायचात, ते यासाठी?"

मग त्याने समजावलं. अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं हृदयाला आणि मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशींना 'जागे राहा' म्हणून हाका मारतात. ही गोळी त्या हाका अडवते. वर्षानुवर्षं हाका कमी पोचल्या, म्हणून पेशींनी आपले कान मोठे केले. गोळी एकदम थांबली, आणि साध्या हाकाही त्यांना आरोळ्यांसारख्या ऐकू आल्या. "डोकं शाबूत आहे. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही."

त्याच्या सांगण्याप्रमाणे गोळी पुन्हा सुरू केली. दोन-तीन दिवसांनी पेपर पुरा वाचून झाला.

मग रविवारी सकाळी मीच फोन लावला आणि बाबाला सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "आई, आज वार कोणता?"

"माझ्याकडे रविवार. तुझ्याकडे अजून शनिवारची संध्याकाळच आहे, आणि तू जेवला नाहीयेस."

घराचा विषय त्याने काढला नाही. डबीच्या झाकणावर मी चिठ्ठी चिकटवली आहे: फराळानंतरही.