मायचा खुबा

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावात चिखल असायचा तो फक्त टँकरखाली. त्याच चिखलात माय घसरली. डोक्यावर भरलेला हंडा. तो सोडला असता तर हात टेकता आला असता, पण पाणी सांडू द्यायचं न्हाई म्हणून तिनं सोडला न्हाई.

शिरूर कासारहून जीप करून तिला बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, "खुब्याचं हाड मोडलंय. दोन दिवसांत ऑपरेशन करू, आजी काठीनं चालायला लागतील. नुसतं झोपवून ठेवलंत तर छाती भरेल, पाठीला जखमा होतील."

इतकं सरळ सांगितलं होतं. पण चार दिवसांवर आमच्या दूध सोसायटीची निवडणूक, आणि मी उभा. दवाखान्यात बसलो तर गावात फिरणार कोण? शिवाय माय सभासद, तिचंही मत होतंच की. लाज वाटते लिहायला, पण डोक्यात हेच होतं. मी म्हणालो, "म्हातारीच नको म्हणते, साहेब. लई घाबरते."

माय तिथंच स्ट्रेचरवर होती. तिला मी काही विचारलंच नव्हतं. डॉक्टर वळले, "खरंय का आजी?" तिनं माझ्याकडं पाहिलं. पोटचं पोर ओळखायला तिला किती वेळ लागणार! "व्हय बाबा," ती म्हणाली, "मलाच भ्या वाटतंय."

अशी माय, आणि तिच्या पोटी मी असला नालायक!

मतदानाला तिला बाजेसकट टेम्पोत घालून नेलं. खड्डा आला की ती पदर दातात धरायची. मी निवडून आलो. आठव्या दिवशी बीडला परत नेलं, तर छाती भरलेली, पाठीला जखमा. डॉक्टर म्हणाले, "आता भूल देणं जोखमीचं आहे." छातीवर इलाज करून घरी पाठवलं. माय पुन्हा कधी उभी राहिली न्हाई.

महिन्यानं माझा सत्कार झाला. मंडळी मायच्या पाया पडायला बाजेपाशी आली. तिचा एक पाय आखूड होऊन बाहेर वळला होता, तो मी घाईनं चादरीखाली झाकला. एक म्हातारी हळहळली, "आगं, आपरेशन कावून केलं न्हाई?"

"मीच नको म्हनले," माय म्हणाली.

आता तरी खरं बोलायचं होतं. गळ्यात हार, समोर अख्खं गाव. मी हसून म्हणालो, "लई हट्टी हाय आमची म्हातारी."

सगळे हसले. माय पण हसली.