संमतीची रिकामी ओळ

दामिनीची चूक झाली ती दिवाळीत. डिजिटल फॉरेन्सिकच्या एम.एस्सी.साठी अमरावतीला राहणारी ही मुलगी सुट्टीत बार्शीटाकळीला घरी आली, आणि मोठ्या काकूंच्या, आशाबाईंच्या, फोनमधून चुकून पुसले गेलेले बारशाचे फोटो तिने तासाभरात परत आणून दाखवले. दोन दिवसांत गावभर झालं, ‘खुशालरावाची पुतनी पुसलेलं काढते.’

फेब्रुवारीत ती रविवारपुरती आली, तेव्हा मोठेबाबांनी, म्हणजे खुशालरावांनी, तिच्यापुढे एक फोन ठेवला. अकोल्याला कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्या मुलीचा, वर्षालीचा.

“हे पोट्टी कोनासंग बोलून राहिली, काढ. पुसलेलं बी.”

“तसं नाई करता येत, मोठेबाबा.”

“कावून? दिवाळीत आलं न!”

दामिनीने वडिलांकडे पाहिलं. चंद्रभान थोरल्या भावापुढे आजवर कधी बोलले नव्हते. आताही सुपारी कातरत राहिले.

मग तिने पिशवीतून एक छापील कागद काढला. प्रयोगशाळेत कुठलाही फोन उघडण्याआधी तो भरावा लागतो. फोन कोणी दिला, कोणी घेतला, किती वाजता, आणि शेवटी मालकाची संमती. सही म्हटल्यावर मोठेबाबा बिचकतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि ‘फोन कोणी दिला’ या ओळीवर झोकात सही ठोकली.

“पाह्य चंद्रभान, काम कसं पक्कं करते तुही पोरगी!” आणि स्वयंपाकघराकडे हाक गेली, “वर्षाली! ये इकडं. सही कर.”

दामिनीच्याच कागदाने त्या पोरीला सगळ्यांसमोर आणून उभं केलं होतं.

वर्षालीने पेन उचललं. बहिणीकडे पाहिलं. दामिनीने तिला एकटीलाच दिसेल एवढी, नाही म्हणून मान हलवली. वर्षालीने पेन खाली ठेवलं.

खुशालराव ओरडले नाहीत. फोन कपाटात ठेवून त्यांनी किल्ली बंडीच्या खिशात टाकली. “सही होईपर्यंत कोनी कुठी जानार नाई. ना अकोला, ना अमरावती.”

मंगळवारी दामिनीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. सोमवारी सकाळी ती पिशवी भरून बाहेरच्या खोलीत आली, तर मोठेबाबा दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, खुर्चीही हलवली नाही. आशाबाई चहा देऊन आत गेल्या. अमरावतीला जायचं तर आधी अकोला गाठावं लागे. थोड्या वेळाने रस्त्यावर अकोल्याच्या एस.टी.चा हॉर्न वाजला आणि गाडी निघून गेली.

आतल्या खोलीत वर्षाली कागद घेऊन उभी होती. “ताई, करू का सही? तुही परीक्षा जाईन.”

“परीक्षा सा महिन्यानं पुन्हा होते,” दामिनी म्हणाली. तिने वर्षालीच्या हातातून कागद घेऊन त्याची घडी केली आणि पिशवीतले कपडे एकेक काढून परत खुंटीला लावू लागली.